प्रेक्षक बेईमान नाही

मराठी सिनेमा पडला की पंचनाम्याची गरजच उरत नाही, आरोपी आधीच ठरलेला असतो. प्रेक्षक. त्यानं थेटरात यायला हवं होतं, तो आला नाही. हिंदीला गेला, दक्षिणेतल्या डब केलेल्या मारामाऱ्यांना गेला, नाहीतर घरी मोबाइल घेऊन लोळत पडला. काल-परवापर्यंत ज्या दिग्दर्शकांवर त्याचा जीव होता, त्यांच्या नव्या सिनेमाकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. मग मुलाखतींतून, सत्कारांतून, पुरस्कारांच्या भाषणांतून तोच सूर लागतो, की मराठी माणसालाच मराठी सिनेमाची कदर नाही. विदर्भाचं नाव निघालं की या सुरात थोडी कीवही मिसळते. तिकडे काय, सगळे हिंदीच बघतात.

तिकडे म्हणजे आमच्याकडे. आरोप आमच्यावर आहे, तेव्हा उत्तर अमरावती-अकोल्यातूनच गेलेलं बरं.

या आरोपात दोन वेगळ्या तक्रारी कालवलेल्या आहेत. एक, मराठी प्रेक्षक मराठी सिनेमाला जात नाही. दोन, ज्यांना त्यानं डोक्यावर घेतलं त्यांच्याशी तो टिकून राहत नाही. पहिली तक्रार खोटी आहे. दुसरी खरी आहे, आणि तिच्यात मला प्रेक्षकाचा काडीचाही दोष दिसत नाही.

पहिलीचा निकाल लवकर लागतो. २९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ लागला तेव्हा रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर ही नावं अकोल्यात कुणाला ठाऊक होती? बोली करमाळ्याकडची, माणसं अनोळखी, शेवट जिवाला चटका लावणारा. वर अकोल्याचा मे महिना, म्हणजे दुपारी कुत्रंही रस्त्यावर दिसू नये असं ऊन. तरी लोक गेले, पुन्हा गेले, आणि मराठी सिनेमानं पहिल्यांदाच शंभर कोटींचा आकडा ओलांडला. २०२३ च्या पावसाळ्यात ‘बाईपण भारी देवा’ला बायका भिशीचे गट, भजनी मंडळं, जावा-नणंदा मिळून गेल्या. २०२५ च्या सप्टेंबरात ‘दशावतार’ आला. त्यात लोककला कोकणातली आणि मध्यवर्ती भूमिकेत ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर. बाजाराच्या हिशेबात असा सिनेमा पडायलाच हवा, पण तो गाजला. यातला एकही कुठल्या गाजलेल्या सिनेमाचा दुसरा भाग नव्हता. ‘कदर नसलेला’ म्हणतात तो प्रेक्षक हाच.

दुसऱ्या तक्रारीला वेळ द्यावा लागेल.

आमच्याकडे मृगाच्या तोंडावर शेतकरी बियाण्याची थैली घेतो ती नावावर घेतो. आतलं बी उगवेल की नाही हे त्याला दुकानात कळत नाही. उगवलं तर पुढच्या वर्षी तेच नाव मागतो, धुऱ्यावरच्या शेजाऱ्यालाही सांगतो. नाही उगवलं तर दुबार पेरणीचा भुर्दंड सोसतो आणि पुढच्या हंगामात दुसरी थैली उचलतो. अकोल्यात कृषी विद्यापीठ आहे, गल्लोगल्ली कृषी केंद्रं आहेत, पण थैली बदलणाऱ्या शेतकऱ्याला ‘तू कंपनीशी बेईमान झालास’ असं कुणी सुनावल्याचं ऐकिवात नाही. सिनेमाचं तिकीटही आत काय आहे ते न बघता, नावावरच काढलेलं असतं. मग तिथे निष्ठेची भाषा कुठून आली?

नाव कमावलं कसं जातं हे बघायला फार मागं जायला नको. ३ जानेवारी २०१४ ला रवी जाधवांचा ‘टाइमपास’ लागला आणि १४ फेब्रुवारीला नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’. मधे अवघे सहा आठवडे. एक चाळीतल्या कोवळ्या प्रेमाचा हलकाफुलका सिनेमा, दुसरा जातीचा दगड थेट प्रेक्षकाच्या अंगावर भिरकावणारा. दोन्ही झीच्या झेंड्याखाली आले. त्याआधी २०१० मध्ये याच घरानं ‘नटरंग’ दिला होता. त्या काळात पडद्यावर ते चिन्ह उमटलं की माणूस खुर्चीत सावरून बसायचा. आता काय येईल हे सांगता येत नव्हतं, पण जे येईल त्यात कुणीतरी जीव ओतलेला असेल अशी खात्री असायची. एका स्टुडिओला प्रेक्षकाकडून यापेक्षा अधिक काय हवं?

पुढे काय झालं? ‘टाइमपास’ चालला, म्हणून २०१५ मध्ये दुसरा भाग आला. त्यात दगडू आणि प्राजक्ता मोठे झाले, दुरावले, पुन्हा एकत्र आले. गोष्ट संपली. प्रेक्षक समाधानानं घरी गेला. मग २०२२ मध्ये तिसरा भाग, आणि त्याची कथा पहिल्या नि दुसऱ्या भागाच्या मधल्या काळातली. दगडूच्या आयुष्यात नवी मुलगी. आता हा दगडू शेवटी कुणाकडे जाणार हे प्रेक्षकाला सात वर्षांपूर्वीच दाखवून झालेलं. नव्या मुलीवर जीव जडवायचा तर तो जडवून उपयोग काय, हे तिकीट काढतानाच ठाऊक. प्रेमकथेतला एकुलता एक प्रश्न आधीच सोडवून ठेवलेला आणि वर पुन्हा तीच शिट्टी, तोच भाव खाणारा दगडू. वऱ्हाडीत म्हणायचं तर, एकदा पाह्यलं ना बाप्पा, आता कायले?

सतीश राजवाडेंचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ २०१० मध्ये आला तेव्हा त्यात दोनच माणसं होती आणि एकच दिवस. पुण्याच्या रस्त्यांवर फिरत ती दोघं बोलत राहतात आणि त्यांचं पुढे काय होतं हा प्रश्न सिनेमा आपल्या हातात ठेवून निघून जातो. अमरावतीच्या प्रेक्षकाला पुण्याचं काय कौतुक, पण तो सिनेमा इथेही आवडीनं पाहिला गेला. २०१५ च्या भागात लग्न आलं, २०१८ च्या भागात बाळंतपण. पहिल्या भागानं जे मोकळं सोडलं होतं ते पुढच्या दोघांनी विटा लावून बुजवलं. चौथा निघाला तर शाळाप्रवेशाचा असेल, आणि तोही मुंबई-पुण्यातच. मराठी सिनेमाची गाडी बडनेऱ्यापर्यंत येत नाही हे गृहीतच आहे. सचिन पिळगावकरांच्या ‘नवरा माझा नवसाचा’तली एसटी कोकणात गेली होती, वीस वर्षांनी २०२४ मध्ये दुसरा भाग आला तर त्यातली रेल्वेही कोकणातच गेली. तो दुसरा भाग चालला, हे मान्य. लोक अशोक सराफांना बघायला गेले, मीही गेलो असतो. पण त्याच सचिन पिळगावकरांचा १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ आजही घराघरात तोंडपाठ आहे, आणि त्याला दुसरा भाग नाही. ही काही योगायोगाची गोष्ट नाही.

महेश कोठारेंनी १९९३ मध्ये ‘झपाटलेला’ केला. बाहुल्याची कल्पना परदेशी सिनेमातली असली तरी तात्या विंचू आपला झाला, कारण त्याच्यासमोर लक्ष्मीकांत बेर्डे होते आणि भीतीच्या तोंडावर हसायला लावण्याची त्यांची हातोटी होती. २०१३ मध्ये दुसरा भाग आला तो थ्रीडीत. लक्ष्मीकांत तर २००४ मध्येच गेलेले. मग पडद्यातून अंगावर येणार काय, तर बाहुला. चष्मा नवा मिळाला, माणूस नव्हता.

महेश मांजरेकरांबद्दल मात्र जपून लिहायला हवं, कारण इथे रागाआधी आदर आहे. ‘वास्तव’, ‘अस्तित्व’, ‘काकस्पर्श’, ‘नटसम्राट’ ही यादी कुणाही दिग्दर्शकानं मिरवावी अशी. म्हणूनच २०१९ मध्ये पु. ल. देशपांड्यांवरचा ‘भाई’ दोन भागांत आला, ४ जानेवारीला पूर्वार्ध आणि ८ फेब्रुवारीला उत्तरार्ध, तेव्हा मन खट्टू झालं. एका माणसाची एक गोष्ट, पाच आठवड्यांच्या अंतरानं दोन तिकिटांत कापलेली. पु.लं.चं आयुष्य मोठं होतं हे कारण पटण्यासारखं नाही. आयुष्यं सगळ्यांचीच मोठी असतात, त्यातलं काय सोडायचं हे ठरवण्यासाठीच तर दिग्दर्शक लागतो.

आणि मग २०२५. ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय’ हा २००९ चा सिनेमा मांजरेकरांनी लिहिला होता. मुंबईतला खचलेला मराठी कारकून, आणि त्याला उभं करायला आलेले महाराज. त्या वेळच्या मुंबईत त्या गोष्टीला अर्थ होता. ३१ ऑक्टोबर २०२५ ला ‘पुन्हा शिवाजीराजे भोसले’ आला, आणि या वेळी महाराज शेतकऱ्यासाठी, त्याच्या आत्महत्यांसाठी परत आले. म्हणजे आमच्यासाठी. अमरावती विभागातल्या जिल्ह्यांची नावं ज्या एका कारणानं देशभर छापून येतात, त्या कारणासाठी.

इथे मला २००९ चाच दुसरा सिनेमा आठवतो. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’. नावातच आमच्याकडची शिवी आहे. विदर्भातला किसना, म्हणजे गिरीश कुलकर्णी, कर्ज काढून पेरतो. शेजारच्यानं जीव दिलेला. बायको अलका, म्हणजे सोनाली कुलकर्णी, हिच्या मनात भीती बसते, की आपला नवराही त्याच वाटेनं जाईल. ती पोराला त्याच्या पाळतीवर ठेवते, सासूला ठेवते, त्याच्या आवडीचं करून घालते. आत्महत्येवरचा सिनेमा, आणि प्रेक्षक मधूनमधून हसतो. ते हसू आमच्या घरातलं होतं. पावसाकडे बघत माणसं जे कडवट विनोद करतात तेच. त्यात महाराज आले नाहीत, कुणी भाषण केलं नाही, ढगसुद्धा वेळेवर आले नाहीत. तो सिनेमा रॉटरडॅमच्या महोत्सवात गेला. किसनाची गोष्ट ज्या गावांची होती त्या गावांच्या तालुक्यात तो किती दिवस लागला असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

एकाच वर्षी दोन सिनेमे. सोळा वर्षांनी आमच्या दुःखावर पुन्हा काही काढायचं ठरलं तेव्हा पुढे कोण आलं? ज्याचं नाव बाजारात चालतं ते. शेतकऱ्यावर सिनेमा काढायला एका जुन्या यशाचा हात धरावा लागला, म्हणजे शेतकरी एकटा तिकीट विकू शकणार नाही हे तुम्ही आधीच ठरवून टाकलं. मग वऱ्हाडातला शेतकरी त्या नावाला भुलला नाही तर आश्चर्य कसलं? त्याला पडद्यावर उपदेश नको होता. त्याला अलकाची नजर ओळखीची होती.

शिवकाळावरच्या सिनेमांबद्दल बोलायला लोक बिचकतात, कारण सिनेमावर बोललेलं महाराजांवर बोलल्यासारखं ऐकलं जातं. ही सोय निर्मात्यांना फार मानवली आहे. दिग्पाल लांजेकरांनी आठ सिनेमांचं ‘शिवराज अष्टक’ करायला घेतलं. २०१८ ला ‘फर्जंद’, २०१९ ला ‘फत्तेशिकस्त’, २०२२ च्या फेब्रुवारीत ‘पावनखिंड’ आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी ‘शेर शिवराज’, मग २०२३ ला ‘सुभेदार’. ‘फर्जंद’मध्ये कोंडाजीची एका रात्रीची गोष्ट होती, साधनं तुटपुंजी असली तरी ती गोष्ट होती. ‘पावनखिंड’ उदंड चालला. पण दोन महिन्यांच्या अंतरानं आलेल्या सिनेमांत मशाली त्याच, संथ चाल तीच, गर्जना तीच, आणि प्रेक्षकाकडून अपेक्षाही तीच, की त्यानं दर वेळी त्याच जागी उठून उभं राहावं. कुणी म्हणालं की पटकथा ढिली आहे, तर उत्तर येतं की तुला इतिहासाची चाड नाही.

चाडीचंच म्हणाल तर जिजाऊंचं माहेर सिंदखेडराजा, आणि ते बुलढाणा जिल्ह्यात, वऱ्हाडात आहे. दर १२ जानेवारीला तिथे किती माणूस लोटतो ते येऊन बघा. आम्हाला महाराजांवरची भक्ती तिकीट खिडकीवर सिद्ध करायची गरज नाही. उलट प्रश्न आमचाच आहे. २९ नोव्हेंबर १८०३ ला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला नागपूरकर भोसल्यांची फौज आर्थर वेलस्लीसमोर हरली. पुढच्याच महिन्यात, १५ डिसेंबरला, त्यानं चिखलदऱ्याजवळचा गाविलगड घेतला. बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा सेनापती तो हाच. मेळघाटच्या डोंगरावर तोफा चढवण्यासाठी जंगलातून नवा रस्ता पाडावा लागला, तटाला खिंडार पडलं आणि किल्लेदार बेनीसिंग आत लढत मेला. यात सिनेमा नाही असं कोण म्हणेल? पण गाविलगडावर अजून पर्यटकांचे ड्रोनच तेवढे उडतात. पराभवाची गोष्ट सांगायला धाडस लागतं, आणि ते नाव बदलून येत नाही.

आता नकाशा. सिनेमाच्या धंद्यात महाराष्ट्र नावाचा एक प्रदेश नाहीच. मुंबई हा एक वितरण प्रदेश, आणि आम्ही ‘सी. पी. बेरार’मध्ये. मध्य प्रांत आणि वऱ्हाड! १९०३ मध्ये इंग्रजांनी निजामाकडून कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतलेला वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला, तो हा. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, जिल्ह्यांचे तुकडे पडले, वाशीम वेगळा झाला. सिनेमावाल्यांचा वऱ्हाड मात्र अजून मध्य प्रदेशाचा काही भाग आणि छत्तीसगडबरोबरच नांदतो. या पट्ट्याच्या वितरकांची संघटना भुसावळात, त्यांच्या कचेऱ्या भुसावळात नि अमरावतीत. हिंदी सिनेमाला याचं काही वाटत नाही, तो सगळेच प्रदेश विकत सुटतो. मराठी निर्माता मुंबई प्रदेशात पुणे, नाशिक, कोल्हापूर गाठतो आणि त्याचा जीव तिथेच थकतो. सी. पी. बेरारसाठी वेगळा सौदा करायचा, त्यातल्या निम्म्या भागात मराठी कळत नाही, मग सोडून द्या. प्रिंट डब्यातून यायच्या त्या काळात हे समजण्यासारखं होतं. आता सिनेमा उपग्रहावरून उतरतो, तरी सवय गेलेली नाही.

त्याचा परिणाम असा, की शुक्रवारी पुण्यात लागलेला सिनेमा अकोल्यात लागलाच तर दुपारी बाराचा एक खेळ, आणि पुढच्या आठवड्यात तोही गायब. २०१५ मध्ये तेव्हाचे सांस्कृतिक कार्यमंत्री विनोद तावडेंनी मल्टिप्लेक्सना संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत मराठी सिनेमा दाखवणं सक्तीचं करायचं जाहीर केलं. थोडी आरडाओरड झाली आणि ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल झाली. बारा वाजता कोण मोकळं असतं? शिक्षक शाळेत, दुकानदार गल्ल्यावर, मजूर कापूस वेचायला. खुर्च्या रिकाम्या राहिल्या, त्या मोजल्या गेल्या, आणि आकडा पुढच्या भाषणात आला, की विदर्भात मराठी चालत नाही. ज्याला ताट वाढलंच नाही त्याला अन्नाची किंमत नाही म्हणायचं, हा कोणता न्याय?

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो आणि तो टाळून चालणार नाही. कलावंताला चुकायचं स्वातंत्र्य हवं. एक सिनेमा फसला म्हणून प्रेक्षक पाठ फिरवू लागला तर कुणी नवं काही करणारच नाही, सगळे सुरक्षित खेळतील. हा आक्षेप मला मान्य आहे, फक्त तो चुकीच्या माणसावर रोखलेला आहे. फसलेल्या प्रयत्नावर वऱ्हाडातला प्रेक्षक चिडत नाही. मंजुळेंचा २०२२ चा ‘झुंड’ घ्या. नागपूरच्या झोपडपट्टीतल्या फुटबॉलची गोष्ट, अमिताभ बच्चन, पण भाषा हिंदी, लांबी तीन तासांची. ‘सैराट’सारखी गर्दी त्याला झाली नाही, काहींना तो लांबला, काहींना त्यात मराठी हवी होती. पण त्यातली पोरं नागपूरच्या वस्त्यांतली होती, त्यांच्या तोंडची हिंदी आमच्या रेल्वे स्टेशनावरची होती. त्या सिनेमावर भांडणं झाली, मंजुळेंवरचा विश्वास उडाला नाही. भांडावंसं वाटणं हीच त्या विश्वासाची खूण. ‘टाइमपास ३’वरून कोण कुणाशी भांडलं?

शिवाय दुसरा भाग म्हटला की वाईटच, असंही माझं म्हणणं नाही. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा ‘नाळ’ २०१८ मध्ये आला. त्यातला चैत्या, श्रीनिवास पोकळे, अमरावतीचा पोरगा. आपल्याला जन्म देणारी आई दुसरीच आहे हे कळल्यावर त्याचं जे होतं, ते त्यानं आपल्याच बोलीत दाखवलं, आणि त्यासाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२३ मध्ये ‘नाळ २’ आला. पहिल्या भागात जो प्रश्न खरोखरच अर्धा राहिला होता, तोच त्यात पुढे गेला. मूल मोठं झालं, तशी गोष्टही मोठी झाली. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, श्रीनिवासलाही पुन्हा मिळाला. दुसऱ्या भागाला सांगण्यासारखं काही आहे की फक्त विकण्यासारखं, हे प्रेक्षकाला पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

‘नाळ’नं आणखी एक काम केलं. आमची बोली तोवर पडद्यावर आली ती हसवायला. भारत गणेशपुरे हा अमरावतीकडचाच गुणी नट. त्याच्या तोंडची वऱ्हाडी टीव्हीवर ऐकून आम्हीही पोट धरून हसलो. त्याचा दोष नाही. पण लेखकांनी ठरवून टाकलं, की ‘काऊन’ आणि ‘कायले’ आलं की लोकांनी हसायचं. म्हणजे आमच्या भाषेत प्रेम होत नाही, बाप मरत नाही, पोर हरवत नाही. ‘नाळ’मध्ये एक आई आणि एक मूल इकडच्याच बोलीत रडले, आणि थेटरात कुणी हसलं नाही.

इथलाच एक दिग्दर्शक आहे, त्याचं उदाहरण द्यायला हवं. अमरावती जिल्ह्यातल्या धामणगावचे राजदत्त. १९६७ चा ‘मधुचंद्र’ विनोदी. १९७७ चा ‘देवकीनंदन गोपाला’ गाडगेबाबांवर, त्यात बाबा झाले डॉ. श्रीराम लागू, शेंडगावच्या माणसावरचा सिनेमा धामणगावच्या माणसानं केला, आणि त्यात वऱ्हाडाचा टेंभा मिरवला नाही. मग ‘अष्टविनायक’, मग ‘अरे संसार संसार’, ज्याच्या गाण्यात अकोल्याचे कवी विठ्ठल वाघ आहेत. त्यानंतर वेठबिगारीवर ‘शापित’, हुंड्यावर ‘पुढचं पाऊल’, शिवकाळावर ‘सर्जा’. यशस्वी झालेल्या कशाचाही दुसरा भाग काढायचा मोह त्यांना झाला असता तर ‘अष्टविनायक २’ लोकांनी हसत स्वीकारला असता. त्यांनी तो काढला नाही. २०२४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं तेव्हा आमच्याकडच्या कितीतरी लोकांना पहिल्यांदा कळलं, की हे सगळे सिनेमे एकाच माणसाचे आहेत. नाव पुढे न करताही माणूस इतकं काम करू शकतो.

चाहत्यांनाही दोन शब्द ऐकवायला हवेत. ‘आमचा विश्वासघात झाला’ हा सूर मला पटत नाही. कुणी तुम्हाला वचन दिलं नव्हतं. जुन्या प्रेक्षकाकडे बघा. अमरावतीत पत्ता सांगायचा तर राजकमल चौक, प्रभात चौक, चित्रा चौक असं सांगतात. टॉकीजांच्या नावांनी अर्धं शहर चालतं. प्रभात आणि राजकमल, व्ही. शांतारामांच्या दोन्ही घरांची नावं. १९२९ मध्ये कोल्हापुरात पाच भागीदारांनी काढलेल्या प्रभातनं पुण्यात आल्यावर ‘संत तुकाराम’, म्हाताऱ्या नवऱ्याला नाकारणाऱ्या तरुणीचा ‘कुंकू’, वेश्येच्या प्रेमात पडलेल्या पोलिसाचा ‘माणूस’ आणि हिंदू-मुसलमान म्हाताऱ्यांचा ‘शेजारी’ हे सगळे पाच-सहा वर्षांत दिले. एकाची दुसऱ्याला झाक नाही. बरं, प्रभातही मोहातून सुटलं नव्हतं. तुकाराम गाजल्यावर ज्ञानेश्वर आले, सखू आली. १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले, राजकमल उभं केलं. १९४५ मध्ये भागीदारांपैकी दामले वारले. १९५३ मध्ये प्रभात संपलं. त्या काळच्या प्रेक्षकानं तुतारीच्या चिन्हाशी जन्मभराची गाठ बांधली नव्हती. तो राजकमलच्या ‘दो आँखें बारह हाथ’ला गेला, ‘पिंजरा’ला गेला, आणि शांतारामांच्याच पुढच्या काही सिनेमांना गेला नाही. तेव्हा त्याला कुणी बेईमान म्हटलं नाही, आणि त्यानंही कुणाच्या नावानं गळा काढला नाही.

आता ‘मराठी सिनेमा जगवा’ या हाकेबद्दल. तिकिटाचे पैसे आम्ही देतोच, पण त्याआधीही देतो. दर्जेदार मराठी सिनेमाला सरकारचं अनुदान आहे. ‘अ’ दर्जाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाला ३० लाख, असा त्याचा हिशेब बरीच वर्षं चालत आला. तो पैसा अकोल्याच्या करदात्याचाही आहे, आणि अनुदान मिळालेला सिनेमा त्याला त्याच्या गावात बघायला मिळेलच असं नाही. तेव्हा भाषणं नकोत, एक अट घाला. ज्या सिनेमानं हे अनुदान घेतलं तो अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ या पाचही जिल्ह्यांच्या ठिकाणी किमान आठवडाभर, संध्याकाळी सहानंतरच्या एका खेळाला लागला पाहिजे. ही अट पाळल्यावरही खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर आम्हाला खुशाल बेईमान म्हणा. आम्ही ऐकून घेऊ, फक्त पडद्यावर काय चाललं होतं तेवढं विचारू.